बाळाचे जुलाब: जंतूचं नाव कळलंच पाहिजे का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी मला काय समजलं ते लिहिते, काही चुकत असेल तर सांगा. मुलगा १४ महिन्यांचा, वजन ९ किलो, सारंगखेड्याच्या यात्रेहून आल्यावर दोन दिवसांनी उलट्या आणि ताप सुरू, मग पाण्यासारखे जुलाब, आज तिसरा दिवस, दिवसाला आठ-दहा वेळा होतंय, रक्त नाही, उलटी आता थांबलीय आणि अंगावरचं दूध पितोय. डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक दिलं, अँटिबायोटिक दिलं नाही. मेडिकलवाला म्हणतो इन्फेक्शन आहे, स्ट्राँग सिरप लागेल. सासूबाई म्हणतात दात येतायत. लॅबच्या शीच्या रिपोर्टात ३-४ पस सेल्स, म्हणजे पूच्या पेशी, आल्यात. आणि तुम्ही विचारताय की नक्की कोणता जंतू आहे हे कसं कळणार, यात्रेतल्या पाण्यानेच झालं का, आणि रोटाव्हायरसचे तिन्ही डोस घेऊनही हे का झालं.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना आहे, त्याआधी काही वर्षं नंदुरबारकडे सरकारी नोकरीत होते. त्यामुळे शहरातली डायपरवाली बाळं पण बघितलीत आणि सातपुड्याच्या पाड्यावरून झोळीत घालून आणलेली पण. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न जंतूच्या नावाचा नाहीये. तुम्हाला भीती वाटतेय की डॉक्टरांनी काहीतरी कमी दिलं का आणि त्याने बाळाला धोका होईल का. भीती वाटणं साहजिक आहे, लहान बाळाच्या जुलाबात धोका असतोच, पण तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने असतो, जंतू कोणता यावर तितका नसतो. म्हणून आम्ही बाळ समोर आलं की मनात दोनच गोष्टी आधी बघतो, पाणी किती गेलंय, आणि हे जुलाब अँटिबायोटिक लागणाऱ्या प्रकारातले दिसतात का. जंतूचं नाव यानंतर, आणि बऱ्याचदा लागतच नाही.

एक सांगून ठेवते, बाळ मी तपासलेलं नाही. पुढचं सगळं लिहितेय ते मुलगा आधी चांगला होता आणि वजन बरं आहे असं धरून. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, कुपोषित असेल, नुकताच गोवर होऊन गेला असेल किंवा जन्मापासून काही मोठा आजार असेल तर हिशोब पूर्ण वेगळा होतो, तिथे मी लिहून उत्तर देतच नाही, दाखवायलाच सांगते.

आधी आजचं बघू. मुलगा चिडचिड करतोय पण मधेमधे खेळतोय, जीभ ओली आहे, रडताना डोळ्यांत पाणी येतंय, सहा-आठ तासांत एकदा तरी शू होतेय, तर पाणी फार कमी झालेलं नाही. डायपर घातलं असेल तर काढा आणि चार दिवस सुती लंगोट बांधा, कारण डायपरमध्ये पातळ शी आणि शू एक होऊन जाते आणि आई शपथेवर सांगते की शू झाली, आणि झालेली नसते. डोळे खोल गेलेत, अस्वस्थ आहे, पाणी दिसलं की वाटीवर झडप घालतोय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर पटकन न बसता हळू बसते, यातली दोन लक्षणं जरी दिसली तरी आजच दवाखान्यात न्यायचं. तिथे समोर बसवून किलोमागे ७५ मिली ओआरएस चार तासांत पाजतात, म्हणजे तुमच्या ९ किलोच्या मुलाला साधारण पावणेसातशे मिली. आणि सुस्त पडलाय, उठवलं तरी नीट डोळे उघडत नाही, पिताच येत नाही, चिमटीतली कातडी दोन सेकंदांहून जास्त तशीच उभी राहते, मग मात्र एक मिनिट घरी थांबायचं नाही, त्याला शिरेतून सलाईनच लागतं. आपल्याकडे उलटं होतं, पीत असलेल्या बाळाला घेऊन येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, पोऱ्याले सलाईन लाई द्या," आणि खरं गरज असलेलं बाळ रात्रभर घरी ठेवतात, सकाळी बघू म्हणून.

आता जंतूंकडे येते. लॅबशिवाय नक्की नाव सांगता येत नाही हे खरं, पण आजाराची चाल बघून गट ओळखता येतो आणि उपचारासाठी तेवढं पुरतं.

पहिला गट व्हायरसचा. आधी उलटी आणि ताप, मग भरपूर पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, वय सहा महिने ते दोन वर्षं, दिवस थंडीचे. तुम्ही लिहिलंय ते अगदी हेच चित्र आहे. यातला सगळ्यात नावाजलेला रोटाव्हायरस, १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला, त्याआधी अशा बहुतेक मुलांत कारण सापडायचंच नाही. त्याच्या जोडीला नोरोव्हायरस, अ‍ॅस्ट्रोव्हायरस, अ‍ॅडिनोव्हायरसचे ४० आणि ४१ नंबरचे प्रकार. आतड्याच्या आतून टर्किश टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक उंचवटे असतात, रोटाव्हायरस त्यांच्या टोकाच्या पेशी मारतो, आणि पाणी शोषून घ्यायचं आणि दुधातली साखर पचवायचं काम त्याच पेशी करतात. म्हणून खाल्लेलं-प्यायलेलं थेट खाली येतं. नवीन पेशी तयार व्हायला काही दिवस लागतातच, त्यामुळे हे जुलाब तीन ते आठ दिवस चालतात, आणि जगातलं कोणतंही अँटिबायोटिक त्या पेशी लवकर उगवून आणत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी शी फेसाळ, आंबट वासाची होते, ढुंगण लाल होतं, तेव्हा घरचे घाबरतात की आजार वाढला, तर ते दुधातली साखर न पचल्याने असतं आणि बहुतेक बाळांत आपोआप जातं. अंगावरचं दूध यासाठी बंद करायचं नाही.

दुसरा गट बॅक्टेरियाचा, आणि यात दोन अगदी वेगळे स्वभाव आहेत. एक आवेचा. जोराचा ताप, पोटात कळ, थोडी थोडी पण पुन्हा पुन्हा शी, कुंथणं, शीमध्ये शेंबडासारखी आव आणि रक्त. यात सगळ्यात महत्त्वाचा शिगेला, तो अवघे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी आजार करतो, म्हणून एका घरात एका मुलाला झाला की दुसऱ्याला लगेच होतो, माशी बसलेल्या भाकरीतून सुद्धा जातो. तापात झटका पण येऊ शकतो. इथे अँटिबायोटिक द्यायलाच पाहिजे, वाट बघायची नाही. कॅम्पायलोबॅक्टर पण रक्त पाडतो, तो कोंबड्यांच्या आतड्यात राहतो, आणि ज्या घरात कोंबड्या आणि रांगणारं बाळ एकाच ओसरीवर असतात तिथे त्याला रस्ता मोकळा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद जाणाऱ्या नसांच्या आजाराचे, पेशंट वाढले तेव्हा पेपरात ह्याच जंतूचं नाव आलं होतं. साल्मोनेलाचे टायफॉइड सोडून जे बाकीचे प्रकार आहेत ते अंडी, मटण, चिकन, कच्चं-शिजलेलं एकत्र ठेवण्यातून येतात, आणि गंमत नाही पण खरी गोष्ट अशी की साध्या साल्मोनेलाच्या जुलाबात धडधाकट मुलाला अँटिबायोटिक दिलं तर तो जंतू शीतून उलट जास्त दिवस पडत राहतो.

दुसरा स्वभाव विष सोडणाऱ्यांचा. ई. कोलायचा एक प्रकार आहे, त्याला आम्ही ईटेक म्हणतो, तो आतड्याला जखम करत नाही, विष सोडून पाणी आत ओढून घेतो, त्यामुळे ताप फारसा नसतो, रक्त नसतं, नुसतं पाणी. उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसानंतर हा जास्त दिसतो. कॉलरा याच कामात सगळ्यात भयंकर, तांदळाच्या धुवणासारखी शी आणि काही तासांत माणूस सुकून जातो. पण तिथे ओळख अशी की एकट्या बाळाला नाही, गल्लीतल्या मोठ्या माणसांनाही एकदम लागते. एकाच नळाच्या लाइनीवरच्या चार घरांत मोठ्यांना पाण्यासारखी हगवण लागली असेल तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा, हे तुमच्या बाळापुरतं राहत नाही मग.

तिसरा गट परजीवींचा. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम ही दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी. हे असे धडाधड तीन दिवसांत येत नाहीत सहसा, आठवडे चालतात. जिआर्डियात शी तेलकट, फार घाण वासाची, पोट फुगलेलं, मूल वाढत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम वासरांतून पण येतो, कुपोषित मुलाला फार त्रास देतो, आणि क्लोरीनला दाद देत नाही, त्याला पाणी उकळणं हाच उपाय. आणि अमिबा, ज्याचं नाव आपल्याकडे सगळ्यात जास्त घेतलं जातं, तो एवढ्या लहान बाळांत कारण म्हणून फार कमी असतो. मायक्रोस्कोपखाली त्याच्यासारखाच दिसणारा एक निरुपद्रवी जीव आहे, रिपोर्टात सिस्ट, म्हणजे त्याचं कवचातलं रूप, लिहून आली म्हणजे तोच आजार झाला असं होत नाही.

इथेच तुमच्या रिपोर्टचं बोलते. ३-४ पस सेल्स म्हणजे काहीच नाही, व्हायरसच्या जुलाबातही एवढ्या दिसतात. भरपूर पस सेल्स आणि सोबत लाल पेशी असल्या तर मी कान टवकारते, ते पण बाळाच्या लक्षणांशी जुळत असेल तर. शीची कल्चर टेस्ट, म्हणजे शीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, यायला दोन-तीन दिवस लागतात, तोपर्यंत बहुतेक बाळं बरी होत आलेली असतात. आणि समजा महागडी टेस्ट करून जंतूचं नाव मिळालं तरी तोच दोषी असं म्हणता येत नाही. २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आफ्रिका आणि आशियातल्या सात ठिकाणांचा मोठा अभ्यास आला होता, आपलं कोलकाताही त्यात होतं. त्यात पाच वर्षांखालच्या, बऱ्यापैकी जोराचे जुलाब झालेल्या मुलांपैकी ८३ टक्के मुलांच्या शीत काही ना काही जंतू सापडला, आणि त्याच वस्तीतल्या, त्याच वयाच्या, जुलाब नसलेल्या मुलांपैकी ७२ टक्के मुलांतही सापडला. म्हणजे आपल्यासारख्या भागात मुलांच्या पोटात जंतू असतातच, सगळे त्रास देत नाहीत. खरोखर आजाराला जास्त जबाबदार ठरले ते चार, रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, ईटेक आणि शिगेला. या चारांत ठरल्याप्रमाणे अँटिबायोटिक लागतं ते फक्त शिगेलाला, आणि तो रक्त दाखवून स्वतःची ओळख देतो. म्हणून मी शीची टेस्ट ठरावीक वेळीच करते, रक्त असेल आणि दिलेल्या औषधाने दोन दिवसांत फरक नसेल, जुलाब दोन आठवड्यांच्या पुढे गेले असतील, किंवा कॉलराची शंका असेल.

तर तुमच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही ते बरोबर केलं. विचार करून दिलं नाही, असं मला वाटतं. मेडिकलमध्ये मिळणारं ते नारिंगी सिरप, ज्यात एक फ्लॉक्सासिन आणि एक ऑर्निडाझोल एकत्र असतं, ते आपल्याकडे जुलाब म्हटलं की सर्रास दिलं जातं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. व्हायरसला ते लागू नाही, चांगले जंतू मारून जुलाब लांबवतं, आणि उद्या खरंच शिगेला झाला तर औषध चालत नाही अशी वेळ येते. रक्ताची आव, कॉलरा, अगदी तान्हं बाळ, अतिकुपोषित बाळ, किंवा अंगात इन्फेक्शन पसरल्याची लक्षणं, एवढ्या ठिकाणीच डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिक द्यायचं. जुलाब 'बंद करायची' गोळी, लोपेरामाइड, ती तर लहान बाळाला कधीच नाही, आतड्याची हालचाल थांबते, पोट फुगतं, जुलाब दिसायचे थांबतात आणि पाणी आत साचतं.

पाणी पाजण्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण सगळा खेळ इथे आहे, आणि 'नुसतं पाणी काय करणार' असं वाटून लोक इथेच ढिले पडतात. १९७१ मध्ये बांगलादेशच्या लढाईवेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी पिंपांत मीठ-साखरेचं द्रावण करून नातेवाइकांच्या हातून पाजलं आणि मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हे चालतं कसं, तर जुलाब कितीही असले तरी आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत घेणारी एक वाट बहुतेक शाबूत राहते, आणि ती जोडी आत गेली की पाणी तिच्यामागे जातं. पण त्यासाठी साखर आणि मीठ दोन्ही ठरलेल्या प्रमाणात पाहिजे. नुसतं ग्लुकोजचं पाणी, फ्रूटी, कोल्ड्रिंक यात साखर इतकी जास्त की उलट पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात. ओआरएस म्हणून खोक्यातली गोड पेयं मिळायची, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, आदेश काढला की डब्ल्यूएचओच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयावर ओआरएस हे नाव छापायचं नाही, तरी तुम्ही घेताना पाकिटावर डब्ल्यूएचओ सूत्र लिहिलंय का बघा. आशाताईंकडचं सरकारी पाकीट फुकट आहे आणि अगदी उत्तम आहे.

मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, लहान पाकीट २०० मिलीमध्ये, एकदाच सगळं ओतायचं. मी बघते की लोक मोठ्या पाकिटातून चमचा-चमचा काढून अंदाजाने वाटीत कालवतात. घट्ट झालं तर मीठ जास्त जातं, बाळाला झटके येऊ शकतात, पातळ झालं तर उपयोग नाही. एक लिटरची पाण्याची बाटली मापाला घ्या. तयार केलेलं २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं, परत उकळायचं नाही. रात्री पाकीट मिळालं नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ, सकाळपर्यंत हे चालेल. दर जुलाबामागे तुमच्या मुलाला ५० ते १०० मिली, म्हणजे साधारण अर्धा ते एक छोटा कप, वाटी-चमच्याने. बाटलीने नको, बाटलीचं निपल हेच जंतूंचं घर असतं, बोंडलं पण तसंच. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग एक-दोन मिनिटांनी एक चमचा असं परत सुरू करा. घाईघाईने वाटी तोंडाला लावली की उलटी होणारच, आणि मग घरचे म्हणतात याच्या पोटात पाणीच टिकत नाही. टिकतं, चमच्याने टिकतं.

झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, १४ दिवस, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. जुलाब चौथ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायची, कारण हे जुलाब लवकर आटोपण्यासोबत पुढचे दोन-तीन महिने परत होण्याचं प्रमाण पण कमी होतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती १० मिलिग्रॅम असते. खाणं बंद ठेवायचं नाही. आपल्याकडे अजून म्हातारी माणसं म्हणतात पोटाला आराम द्या, पण उपाशी आतडं भरून येत नाही. मऊ मुगाची खिचडी, वरण-भात, दही-भात, तांदळाची पेज थोडं मीठ घालून, आणि केळं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात राहून आपण जुलाबात केळं बंद करतो याचं मला वाईट वाटतं, जुलाबात पोटॅशियम जातं आणि केळ्यात ते भरपूर असतं.

सासूबाईंच्या दातांबद्दल. त्यांना तोडून बोलू नका, त्यांनी जे पाहिलंय ते खरंच आहे, दात येण्याच्या वयातच मुलांना जुलाब जास्त होतात. पण त्याच वयात मूल रांगायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू होतं, आणि आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरलेली असते. हिरड्या शिवशिवतात म्हणून हात-खेळणी जास्त चावतं, एवढाच दाताचा संबंध. दात म्हणून सोडून दिलं आणि पाणी कमी झालं, असं मात्र होऊ देऊ नका.

रोटाचे डोस घेतलेत ते वाया गेले नाहीत. आपल्याकडे ही लस सरकारी लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०१९ पर्यंत सगळ्या राज्यांत पोचली, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तोंडातून देतात. रोटाव्हॅक या आपल्याकडच्या रोटा लसीची दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढूला जी चाचणी झाली त्यात जोराच्या रोटाव्हायरस जुलाबापासून पहिल्या वर्षात साधारण ५६ टक्के संरक्षण दिसलं. म्हणजे लस सगळे जुलाब थांबवत नाही, बाकीच्या व्हायरसला तर लागूच नाही, पण रोटा झाला तरी सलाईनची वेळ यायची शक्यता कमी करते. तुमचा मुलगा तिसऱ्या दिवशी उलटी थांबून दूध पितोय, यात त्या डोसांचा वाटा असू शकतो.

यात्रेचं पाणी? रोटा किंवा नोरो पोटात गेल्यापासून एक ते तीन दिवसांत आजार दिसतो, त्यामुळे यात्रेत लागण झाली असू शकते, पण ती पाण्यातूनच असं नाही. गर्दीत कोणीतरी उचलून घेतलं, पाळण्याचा दांडा चाटला, खेळणं तोंडात घातलं, तेवढं पुरतं. घरात मोठी मुलगी बालवाडीत जाते असं तुम्ही लिहिलंय, तिथूनही येऊ शकतं. म्हणून शोध घेत बसण्यापेक्षा पुढची लागण थांबवा. शी धुतल्यावर, आणि बाळाला भरवायच्या आधी, साबणाने हात, नुसतं सॅनिटायझर नोरोला पुरत नाही. बाळाची शी गटारीत किंवा मोरीत न टाकता संडासात. लहान बाळाची शी घाण नसते असं समजतात, उलट रोटाच्या एवढ्याशा शीत कोट्यवधी व्हायरस असतात. मुलीचा ग्लास-चमचा वेगळा ठेवा.

आणि पाण्याचं आपल्या खान्देशात दुखणंच आहे. बऱ्याच गावांत चार-चार, आठ-आठ दिवसांनी नळ येतो. लाइन रिकामी पडली की तिच्यात दाब राहत नाही, आणि जिथे पाइप गटारीतून गेलाय आणि फुटलाय तिथून घाण आत ओढली जाते, म्हणून नळ आल्यावर पहिलं पाणी सडा-भांड्याला वापरा, प्यायचं नंतर भरा. मग ते आठ दिवस टाकीत-माठात राहतं आणि घरातला प्रत्येकजण हात बुडवून तांब्या काढतो, नळापर्यंत चांगलं आलेलं पाणी तिथे खराब होतं. लांब दांड्याचं ओगराळं घ्या नाहीतर तोटीचा माठ. मेडिक्लोर, पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध, आशाताईंकडे मिळतं, बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाकून अर्धा तास थांबायचं. पण दोन वर्षांखालच्या बाळापुरतं तरी पाणी उकळाच, चांगली खळखळ उकळी मिनिटभर आली की व्हायरस, बॅक्टेरिया, क्रिप्टोस्पोरिडियम सगळे जातात. फिल्टरचं आहे म्हणून थांबू नका, कॅन्डल फिल्टरमधून व्हायरस आरामात निघून येतात.

आता लक्ष कशावर ठेवायचं. शीत रक्त दिसलं, ताप उतरून परत चढला, उलट्या परत सुरू होऊन काहीच टिकेना, आठ तास शू नाही, किंवा सुस्त वाटला, तर लगेच दाखवा. एक वेगळी गोष्ट या वयात होते, बाळ थांबून थांबून कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, मधे अगदी फिक्कं पडून शांत होतं आणि मग जांभळाच्या जेलीसारखं रक्त पडतं. ते जुलाब नाहीत, आतडं आतड्यात शिरलेलं असतं, त्याला सर्जन असलेल्या दवाखान्यातच न्यायचं, घरचं औषध करत बसायचं नाही. आणि ताप जास्त, जुलाब थोडेच असं असेल तर लघवीचं इन्फेक्शन किंवा कान फुटणं यातही लहान मुलांना पातळ शी होते, तेव्हा डॉक्टरांना लघवी तपासायची का ते विचारा.

बहुतेक मुलं आठवड्यात सुधारतात. जुलाब १४ दिवसांच्या पुढे गेले तर मग मात्र शी तपासायची, जिआर्डिया शोधायचा, वजन किती घटलं बघायचं. अशा लांबलेल्या जुलाबांत बांगलादेशात शिजवलेली कच्ची केळी भातात कालवून देऊन अभ्यास झालाय आणि मुलं लवकर बरी झाली, मी पण माझ्या पेशंटना देते, सालीसकट उकडून, सोलून, कुस्करून. बरा झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या आणि पंधरा दिवसांनी अंगणवाडीत वजन करून आधीच्या वजनाशी ताडून बघा.

उद्या संध्याकाळी जुलाब किती वेळा झाले, शू किती वेळा झाली आणि ओआरएस किती गेलं एवढं इथे लिहा, मी बघते. पण सुस्त वाटला तर इथे लिहून उत्तराची वाट बघू नका, तुमच्या डॉक्टरांकडे न्या, ते नसतील तर थेट ग्रामीण रुग्णालयात, आणि जाताना रस्त्यात चमच्याने ओआरएस चालू ठेवा, पीत असेल तोपर्यंत.